खेळातला चोर

प्रस्तावना

संगणकावरच्या आणि मोबाईलवरच्या खेळांविषयी आपण सर्वांनीच कमी-अधिक ऐकले आहे. आपल्यापैकी काही जण ते खेळत असतील, काहींची मुले खेळत असतील. या खेळांनी वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, अशा तक्रारी नेहमीच होतात. प्रस्तुत लेखात मात्र एक निराळा प्रश्न विचारात घेतला आहे. खेळात चोराची भूमिका घेऊन दुसऱ्या खेळाडूची वस्तू लांबवली, तर तिला खेळ म्हणायचे की चोरी? लेखिकेचे मत आपणांस पटेलच असे नाही. ते कोणत्या आधारावर मांडले आहे, याकडे लक्ष देऊन लेख वाचा.

मूळ पाठ

आमच्या लहानपणी पावसाची झड लागली की बाहेरचे खेळ बंद होत आणि ओसरीवर चिठ्ठ्यांचा डाव मांडला जाई. राजा, प्रधान, शिपाई आणि चोर अशा चार चिठ्ठ्या. राजाला हजार गुण, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला भोपळा. राजा आणि शिपाई आपली चिठ्ठी उघड करीत. उरलेल्या दोन चेहऱ्यांतून शिपायाने चोर हुडकायचा. चुकला, तर त्याचे पाचशे गुण चोराच्या पदरात पडत. माझ्या धाकट्या बहिणीला चोराची चिठ्ठी आली की तिचे कान लाल होत आणि ती तत्काळ पकडली जाई. मला मात्र चोर होणे मनापासून आवडे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता शिपायाच्या डोळ्याला डोळा भिडवून बसण्यात एक वेगळीच गंमत होती. डाव संपला की चारही चिठ्ठ्या पुन्हा एकत्र होत आणि आम्ही चौघे एकाच ताटलीतले भाजलेले शेंगदाणे खात असू. मी चोर होते म्हणून मला कोणी पंगतीतून उठवले नाही.

ही आठवण जागी झाली ती बडोद्याला, त्याच बहिणीच्या घरी. दिवाळीसाठी मी तिच्याकडे गेले होते. तिचा मुलगा एका कंपनीत नोकरी करतो. वय तिशीच्या आसपास, स्वभावाने सरळ, मोठ्यांना मान देणारा. रात्री जेवणे झाल्यावर तो संगणकासमोर बसला होता. काय करतोस, असे मी सहज विचारले. तो हसून म्हणाला, "मावशी, मी चोर आहे." आणि मग बराच वेळ तो मला त्याच्या चोरीविषयी सांगत राहिला. आरंभी मला कौतुक वाटले. शेवटी मात्र मी अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेचे मूळ शोधताना जे विचार मनात आले, ते येथे मांडत आहे.

प्रथम हे खेळ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. यांत खेळाडू एखादे पात्र निवडतो: योद्धा, वैद्य, जादूगार, लोहार किंवा चोर. अनेक ठिकाणचे अनेक लोक आपापल्या संगणकावरून एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, बोलतात, व्यापार करतात, लढतात. या खेळांचे मूळ संगणकाबाहेरचे आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून फाशांच्या साहाय्याने खेळायचा भूमिकांचा खेळ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याला जोडलेल्या पुरवणीत चोर हे पात्र दाखल झाले. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, सावलीत लपणे आणि खिसा कापणे ही त्याची कौशल्ये. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचे असे एक शब्दांचे जग तयार केले. त्यात चित्रे नव्हती; सारे वर्णन अक्षरांतच होते. मग सप्टेंबर १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाईन' हा खेळ आला आणि हजारो माणसे चित्रमय जगात एकत्र नांदू लागली. चोरही त्यांच्याबरोबर आलाच.

माझा भाचा हाच खेळ खेळतो. त्यातील चोराचे काम त्याने मला बारकाईने समजावून सांगितले. चोराला दोन विद्या शिकाव्या लागतात. पहिली, दुसऱ्याच्या पिशवीत त्याच्या नकळत डोकावण्याची. दुसरी, त्यातली वस्तू काढून घेण्याची. दोन्ही विद्या सरावानेच वाढतात. वस्तू जितकी जड, तितकी ती उचलणे अवघड. नवशिक्या चोराचा हात वारंवार पकडला जातो. पकडला गेला की इतरांना त्याचे नाव निळ्याऐवजी करड्या रंगात दिसू लागते, म्हणजे तो गुन्हेगार ठरतो. शहरात कोणी पहारेकऱ्यांना हाक मारली, तर ते क्षणात प्रकट होऊन एका घावात चोराला ठार करतात. म्हणून गर्दीची जागा निवडायची, बहुधा पेढीचे आवार. निष्पाप चेहऱ्याने उभे राहायचे. कोणाचे लक्ष नाही ते हेरायचे आणि काम होताच पसार व्हायचे. "कधी कधी दोन दोन तास नुसता उभा असतो, मावशी," तो म्हणाला. "हाताला काहीच लागत नाही. पण लोक किती निरखता येतात!"

या बोलण्यात खोट नव्हती. चोराच्या भूमिकेत निरीक्षण आहे, संयम आहे, धोका आहे. अंगात बळ नसलेल्याला बुद्धीच्या जोरावर बलवंताला चकवता येते. योद्ध्याला तलवार मिळते, चोराला केवळ संधी मिळते. म्हणून विचारी खेळाडूंना ही भूमिका आवडत असेल, तर त्यात नवल नाही.

आपल्या परंपरेलाही चोर अगदीच परका नाही. गोकुळात लोणी चोरणाऱ्या बाळकृष्णाचे आपण कौतुकच केले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो. भिंतीला पाडायच्या छिद्राचा आकार कोणता असावा, याचा तो एखाद्या शिल्पकारासारखा विचार करतो. मोजायला दोरी नाही, तर गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. प्रेक्षक हसतात आणि त्याच्या कसबाला मनोमन दादही देतात. मराठी रसिकांना हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी आपल्या भाषेत आणून दिले.

भूमिका आणि माणूस यांतला भेद आपल्याला ठाऊकही आहे. निळू फुले यांनी (१९३०-२००९) मराठी चित्रपटांत असे काही खलपुरुष रंगवले, की त्यांचे नाव निघताच खेड्यापाड्यांतल्या बायका बोटे मोडत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला आणि सामाजिक कार्यात रमलेला होता. पडद्यावर दुष्टपणा करणारा दुष्टच असला पाहिजे, असे म्हणणे म्हणजे अभिनयकलाच नाकारणे होय. तेव्हा खेळात चोर होणारा मुलगा पुढे खरा चोर होईल, ही भीती मला निराधार वाटते. चिठ्ठ्यांच्या डावात मी किती तरी वेळा चोर झाले. माझ्या हातून आजवर कोणाची सुईही उचलली गेली नाही.

परंतु नाटकात आणि या खेळांत एक मोठा फरक आहे. शर्विलक ज्याची चोरी करतो, तो चारुदत्तही नटच असतो. पडदा पडला की दागिने रंगपटाच्या पेटीत परत जातात आणि कोणाचेच काही गेलेले नसते. ऑनलाईन खेळात मात्र समोरचे पात्र चालवणारा माणूस खरा असतो. त्याने ती वस्तू मिळवण्यासाठी खरे तास खर्च केलेले असतात आणि ती गेल्यावर त्याला होणारे दुःखही खरे असते.

खेळ तयार करणाऱ्यांना या अडचणीची जाणीव फार लवकर झाली. अनेकांनी त्यावर सोपा तोडगा काढला. चोर असू द्यावा, पण त्याने माणसाची चोरी करू नये. २००२ साली कोरियात सुरू झालेल्या आणि पुढे भारतातही काही वर्षे खेळल्या गेलेल्या 'रॅग्नारोक ऑनलाईन' या खेळात चोर होण्यासाठी परीक्षा म्हणून अळंबी लांबवून आणावी लागते; परंतु चोरीची विद्या चालते ती राक्षसांवर, खेळाडूंवर नाही. २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्येही खिसा कापायचा तो संगणकाने चालवलेल्या पात्रांचाच. तेथे चोर आहे, पण ज्याची चोरी झाली असा कोणी जिवंत माणूस नाही.

'अल्टिमा ऑनलाईन'ने आरंभी हा मार्ग धरला नव्हता. तेथे माणसाने माणसाला लुटणे नियमात बसत होते. याने जगात थरार आला, तशी रडारडही आली. अखेर २००० साली त्या जगाची दोन जुळी रूपे करण्यात आली. 'फेलुका' हे जुन्या रीतीचे, जेथे लूटमार चालू राहिली. आणि 'ट्रॅमेल' हे नवे, जेथे दुसऱ्याच्या संमतीवाचून त्याला मारता किंवा लुटता येईना. बहुसंख्य खेळाडू नव्या जगात निघून गेले. जुन्या जगातल्या चोरांना मग लुटायला माणसेच मिळेनाशी झाली. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. चोराचे जगणे प्रामाणिक माणसांवर अवलंबून असते. खाणीत खपणारे, लोखंड घडवणारे, कापड शिवणारे उठून गेले, की चोराची विद्या फुकट जाते. सगळेच चोर असलेल्या गावात चोरी होऊ शकत नाही. चोरण्यासारखे कोणी काही निर्माणच करत नाही.

तरीही जे लोक जाणूनबुजून जुन्या जगात राहिले, त्यांचे काय? माझे मत असे की त्यांच्यात चाललेली चोरी हा खेळच आहे. कबड्डीच्या मैदानात उतरलेल्याने पाय धरल्याची तक्रार करू नये. पिशवी सांभाळणे हा तेथील खेळाचा भाग आहे, जशी पिशवी मारणे हाही भाग आहे. येथवर मी माझ्या भाच्याच्या बाजूची आहे.

पुढे त्याने जे सांगितले, तेथून मात्र आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्या खेळात घरे असतात. घराचा मालक ज्यांची नावे नोंदवून ठेवतो, त्यांनाच आतल्या पेट्या उघडता येतात. भाच्याच्या कचेरीतला एक सहकारी हाच खेळ खेळत असे. रोज दुपारी दोघे एकत्र डबा खात. त्या सहकाऱ्याने आणखी चौघांबरोबर मिळून खेळात एक घर बांधले होते. दीड वर्षाची मिळकत त्या घरातल्या पेट्यांत होती. भाच्याने दुसऱ्या नावाने चोराचे पात्र केले होते, ते सहकाऱ्याला ठाऊक नव्हते. डबा खाता खाता भाचा म्हणाला, माझेही नाव तुझ्या घरात नोंदव ना. त्याने त्याच संध्याकाळी नोंदवले. दोन दिवसांनी, रात्री दोनच्या सुमारास, भाच्याने त्या घरातल्या सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या आणि माल आपल्या चोराच्या स्वाधीन केला.

"दुसऱ्या दिवशी त्याला सांगून टाकले, हसत हसतच," भाचा म्हणाला. "मला वाटले, तोही हसेल. तो काहीच बोलला नाही. त्या दिवसापासून डबा वेगळा खातो." जरा थांबून त्याने विचारले, "पण मावशी, मी नियम मोडला का? तूच सांग."

मी त्या वेळी उत्तर देऊ शकले नाही. नियम त्याने मोडला नव्हता. घराची किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याने पेटी उघडली तर खेळाच्या दृष्टीने ती चोरीसुद्धा नव्हे. आणि तरीही काही तरी चोरीला गेले होते, हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होते.

परतीच्या प्रवासात उत्तर सापडले. ते असे: ती किल्ली खेळातली नव्हती. सहकाऱ्याने ती खेळातल्या पात्राला दिली नव्हती. रोज शेजारी बसून भाजीची वाटी पुढे सरकवणाऱ्या माणसाला दिली होती. पेढीच्या आवारात उभ्या असलेल्या अनोळखी पात्रापासून पिशवी सांभाळायची, हे त्याला ठाऊक होते. तो खेळाचा करार होता. डब्याच्या टेबलावरही पिशवी सांभाळायची, असा करार त्याने कधी केला नव्हता. भाच्याने खेळातले घर फोडले, पण घर फोडायची पहार त्याने खेळाबाहेरून आणली.

म्हणून मला असे वाटते की खेळातल्या चोरीला दोन दरवाजे असतात आणि दोन्ही बंद असले पाहिजेत. पहिला आत येण्याचा: चोरीचे साधन बाहेरून आत आणू नये. दुसरा बाहेर जाण्याचा: चोरीचा माल आतून बाहेर नेऊ नये. या दोन दरवाजांच्या मध्ये जे घडते, तो खेळ. यांपैकी एक दरवाजा जरी उघडला, तरी चोर हे पात्र संपते आणि चोर हा माणूस सुरू होतो.

हे केवळ माझ्या घरातल्या गोष्टीला लागू पडते असे नाही. 'ईव्ह ऑनलाईन' हा आइसलँडमधील कंपनीने २००३ साली सुरू केलेला अंतराळातील व्यापाराचा आणि युद्धाचा खेळ आहे. फसवणूक, हेरगिरी, लूट हे सारे त्याच्या नियमांत बसते. २००९ साली त्या खेळातील खेळाडूंनीच चालवलेल्या एका पेढीचा प्रमुख ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इतके खेळातील चलन घेऊन पळाला. तो ऑस्ट्रेलियातला तरुण होता. ते चलन त्याने खऱ्या पैशांना विकले आणि घराची अनामत रक्कम व मुलाच्या औषधोपचाराचा खर्च यांसाठी वापरले. कंपनीने त्याला खेळातून काढून टाकले. परंतु पेढी लुटली म्हणून नव्हे, तर खेळातले चलन बाहेर विकले म्हणून. म्हणजे दुसरा दरवाजा उघडला म्हणून.

पहिल्या दरवाजाचे उदाहरण याहून कठोर आहे. २००७ साली नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवला आणि 'रूनस्केप' या खेळातील त्याचा ताईत व मुखवटा आपल्या नावावर करून घेतला. ताईत म्हणजे संगणकातला नुसता भास, ती वस्तूच नव्हे, असा बचाव करण्यात आला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो फेटाळला. त्या वस्तू मिळवण्यासाठी मुलाने वेळ आणि श्रम वेचले होते, त्याच्या लेखी त्यांना मोल होते आणि त्या त्याच्या ताब्यातून हिसकावून घेतल्या होत्या. म्हणून ही चोरीच, असा निर्णय झाला.

"ते काय, नुसती चित्रेच तर आहेत," असे म्हणणाऱ्यांना या निर्णयात उत्तर आहे. रांगोळीही उद्या पुसलीच जाणार असते. तरी कोणी ती पायाने विस्कटली, तर काढणारीच्या डोळ्यांत पाणी येते. वस्तूचे मोल ती कशाची बनली आहे यावर ठरत नाही. तीत माणसाचे किती आयुष्य गेले आहे, यावर ठरते.

येथे एक अवघड प्रसंगही नोंदवला पाहिजे, नाही तर माझे मत फारच सोयीचे ठरेल. त्याच 'ईव्ह ऑनलाईन'मध्ये २००५ साली एका गटाने दुसऱ्या गटात आपली माणसे घुसवली. जवळजवळ वर्षभर ती माणसे तेथे विश्वासू म्हणून वावरली, वरच्या पदांवर चढली आणि ठरलेल्या दिवशी एकाच वेळी सारी कोठारे रिकामी करून गेली. त्या मालाची किंमत तेव्हा सुमारे १६,५०० अमेरिकन डॉलर इतकी मानली गेली. ना बाहेरचे साधन, ना बाहेरची विक्री. सारे नियमाला धरून. माझ्या कसोटीने हा खेळच ठरतो. पण वर्षभर रात्री-अपरात्री बोलत बसणाऱ्या दोन माणसांमध्ये काही केवळ खेळापुरतेच राहते काय? सुखदुःखाची विचारपूस होते, घरच्या आजारपणाची चौकशी होते. अशा वेळी तो बाहेरचा दरवाजा नकळत किलकिला होतो. तेव्हा नियमाने जे चालते, ते सगळे करावेच असे नाही. नियम किमान मर्यादा सांगतो. शहाणपण त्याच्या पुढे सुरू होते.

आपल्या रोजच्या व्यवहारातही हाच विचार उपयोगी पडेल. खेळात चोर होणे निराळे आणि दुसऱ्याचा पासवर्ड गोड बोलून काढून घेणे निराळे. "तुझे खाते दे, मी तुला बक्षीस मिळवून देतो," असे सांगून मुलांची खाती पळवणारे चोराची भूमिका करत नाहीत. ते चोरच असतात. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. पैशांची फसवणूक झाली, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना संसदेने २०२५ साली कायदा करून मनाई केली, हेही लक्षात ठेवावे. घरातल्या मुलाला "खेळू नकोस" एवढेच सांगून भागत नाही. खेळ कोठे संपतो, हे त्याला दाखवता आले पाहिजे.

'मृच्छकटिका'त शर्विलकाने चोरलेले दागिने चारुदत्ताचे नव्हते. ते वसंतसेनेने त्याच्याकडे ठेव म्हणून दिले होते. सोने गेल्याचे चारुदत्ताला फारसे वाटत नाही. दिलेल्या विश्वासाचे काय झाले, लोक काय म्हणतील, याने तो व्याकूळ होतो, आणि त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला देऊन ती ठेव भरून काढते. चोर सोने नेतो, पण घरमालकाला जाणवते ती ठेव गेल्याची. इतक्या जुन्या नाटकाने सांगितलेली ही गोष्ट संगणकाच्या पडद्यावरही बदललेली नाही.

बडोद्याहून परतल्यावर मी भाच्याला फोन केला आणि माझे उत्तर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर कळले ते असे: त्याने सगळा माल त्या घरातल्या पेट्यांत परत ठेवला आणि कचेरीत जाऊन माफी मागितली. सहकाऱ्याने ती मान्य केली. आता दोघे पुन्हा एकाच टेबलावर डबा खातात. घराच्या यादीतून मात्र भाच्याचे नाव काढलेले आहे, ते त्याने पुन्हा घातलेले नाही. भाच्यानेही ते घाल म्हणून म्हटलेले नाही. माल परत करणे एका रात्रीचे काम होते. बाकीचे किती दिवसांचे आहे, ते कोणाला सांगता येणार?

तो अजूनही चोराचे पात्र घेऊन पेढीच्या आवारात उभा राहतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. खेळात चोर जरूर व्हावे. मात्र डाव संपल्यावर चोराची चिठ्ठी इतर तीन चिठ्ठ्यांत परत ठेवता आली पाहिजे, आणि त्याच ताटलीतले शेंगदाणे खायला चौघांनाही बसता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. चिठ्ठ्यांचा डाव आणि ऑनलाईन खेळ यांतील साम्य व फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'घर फोडायची पहार त्याने खेळाबाहेरून आणली' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. २००५ सालच्या प्रसंगाविषयी लेखिकेचे मत तुम्हांला पटते का? सकारण लिहा.
४. कामाच्या ठिकाणी किंवा शेजारी तुमच्यावर कोणी विश्वासाने एखादी जबाबदारी सोपवली असेल, तर त्या अनुभवाविषयी दहा ओळी लिहा.